बाराही महिने चालणारे टायर

आमच्या मोटारीचे टायर मी निवडले. तोवर मी त्या मोटारीच्या पुढच्या सीटवर एकदाही बसले नव्हते, आणि टायर ही निवडून घ्यायची वस्तू असते हेही मला ठाऊक नव्हतं.

आमचं गाव ढोकीपासून चार-पाच मैलांवर. आमचे हे तिथल्या साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होते. सासरे सरकारी जीपचे ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. मी त्यांना मामा म्हणायची. बहात्तरच्या दुष्काळात साहेबांना घेऊन ते खडी फोडायच्या कामांवर, पाझर तलावांवर फिरले होते. जिल्ह्यातला कुठला रस्ता कुठं उखडलाय हे त्यांना डोळे मिटून सांगता यायचं. पुढं कारखान्यातले एक इंजिनियर नोकरी सोडून पुण्याकडं गेले, तेव्हा त्यांची जुनी मोटार ह्यांनी घेतली. घेतली ती मामांसाठीच. गावाच्या आमच्या बाजूला ती पहिलीच मोटार. लोक बघायला आले. एका म्हाताऱ्यानं बॉनेटवर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. मामांनी काचेखाली बुद्धाची बोटभर मूर्ती चिकटवली आणि सगळ्यांना सांगितलं, दुखणंखुपणं असलं तर कधीही हाक मारा.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी जायची होते. पण तीन आठवडे आधीच, श्रावणात, दुपारची भांडी घासताना मला कळा सुरू झाल्या. तीन दिवस पावसाची झड लागलेली. हे कामावर. मामांनी मोटार काढली, सासूबाई माझ्याजवळ मागं बसल्या. गावापासून डांबरी रस्त्यापर्यंत दीड मैल काळ्या रानातली वाट होती. तिच्या मध्यावर मोटार एका बाजूला सरकली आणि मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली.

मामा उतरले. चाकाखाली पोती घातली. मग बाभळीच्या फांद्या ओरबाडून आणून घातल्या. रानातली माणसं धावत आली आणि ढकलायला लागली. चाक फिरायचं, चिखल त्यांच्या तोंडावर उडायचा, मोटार आणखी खाली बसायची. शेवटी कुणीतरी बैल आणले. हे सगळं होईस्तोवर दोन तास गेले असतील. समोरच्या सीटच्या कव्हरला निळ्या दोऱ्याची शिवण होती. मी तिच्याकडं बघत होते. सासूबाई माझ्या कपाळावरचा घाम पुसत होत्या आणि मला काही म्हणत होत्या. काय म्हणत होत्या ते मला आजही आठवत नाही.

दवाखान्यात मुलगी झाली. नर्सबाईंनी तिला उलटं धरलं, पाठीवर चापट्या मारल्या. मग फडक्यात गुंडाळून सासूबाईंच्या हातात दिली. डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आणलं असतं तर..." आणि हात धुवायला गेले.

मला रडू आलं नाही. घरी आल्यावर शेजारच्या बायका भेटायला यायच्या, माझ्या तोंडाकडं बघायच्या आणि परत जायच्या. मी जेवत होते, झोपत होते, विचारलं की बोलत होते. आठ-दहा दिवस दूध येत राहिलं. सासूबाई फडकं घट्ट बांधून द्यायच्या आणि मी उभी राहायची. एकदा तव्याला हात लागून भाजला, तर ते मला वासानं कळलं.

मोटार पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती, चिखलासकट. कुणी न्यायला आलं की मामा म्हणायचे, "बिघडलीय." एरवी सकाळी उठल्याबरोबर फडकं घेऊन काच पुसणारा माणूस, आता त्या शेडकडं फिरकतही नव्हता. दसरा झाला आणि एक दिवस सकाळी ते खुरपं घेऊन मोटारीजवळ बसले. वाळलेला चिखल खापरीसारखा निघत होता. दुपारपर्यंत त्यांनी सगळी मोटार धुतली. मग दारात येऊन मला म्हणाले, "पोरी, उद्या धाराशिवला जायचंय. टायर घ्यायचेत. तू चल."

"तिला कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "टायरातलं तिला काय कळतंय?"

"मला कळतंय की," मामा म्हणाले. "बघितलं ना माझं कळणं."

मी दुसऱ्या दिवशी लुगडं बदललं आणि जाऊन पुढं बसले. जायची इच्छा होती असं नाही. जायचं नाही असंही वाटत नव्हतं.

मामा इतकी हळू चालवत होते की सायकलवाले आमच्या पुढं जात होते. येडशीला रेल्वेचं फाटक पडलेलं होतं. त्यांनी इंजिन बंद केलं. छोटी गाडी आली, डबे हलत हलत गेले, खिडकीतून एका बाईनं आमच्याकडं बघितलं. फाटक उघडलं तरी मामांनी मोटार सुरू केली नाही. मागच्या एसटीनं हॉर्न दिला तेव्हा त्यांनी चावी फिरवली.

टायरचं दुकान स्टँडजवळ होतं. दुकानदार पांढऱ्या दाढीचे चाचा, मामांच्या जीपच्या दिवसांपासूनच्या ओळखीचे. मला बघून त्यांनी आतून स्टूल आणलं आणि मी पदरानं पुसायच्या आधीच स्वतःच्या रुमालानं पुसून दिलं.

"बाराही महिने चालतील असे टायर द्या," मामा म्हणाले. "पाच. स्टेपनीबी बदलायची."

"बाराही महिने चालणारा टायर आजून कुणी बनवला न्हाय, भाई," चाचा म्हणाले. "कंपनीवाले म्हणतात तसं. पण परत्येकाचं एक काम असतंय." त्यांनी तीन टायर आणून माझ्यासमोर उभे केले. "ह्यो सरळ रेघांचा. डांबरीवर आवाजसुदिक येणार न्हाय. ह्यो मोठ्या ठोकळ्यांचा, चिखलातनं चालंल, पण डांबरीवर घुमतो अन् उन्हाळ्यात लवकर झिजतो. अन् ह्यो मधला. थोडं ह्याचं, थोडं त्याचं. तुमाला कोणता पायजे?"

"हिला विचारा," मामा म्हणाले.

चाचांनी आधी मामांकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी स्टुलावरून उठले. रेघांच्या टायरच्या खाचेत बोट घातलं, नखापुरतंच आत गेलं. मोठ्या ठोकळ्यांच्या टायरमध्ये एक पेर गेलं. नव्या रबराचा वास येत होता. बऱ्याच दिवसांत एखादी गोष्ट नीट बघितली असेल तर ते टायर. त्यात मला काही वाटून घ्यायचं नव्हतं, नुसतं बघायचं होतं, म्हणून असेल.

"माती भरल्यावर ती बाहेर कशी पडते?" मी विचारलं.

पंक्चर शोधायला ट्यूब बुडवायची चाचांची पाण्याची टाकी होती. तिच्या तळाशी हात घालून त्यांनी मूठभर काळा गाळ काढला आणि तिन्ही टायरांच्या खाचांत अंगठ्यानं दाबून भरला. मग एकेक टायर फरशीवर आपटत पलीकडं नेला. रेघांच्या टायरमधला गाळ तसाच राहिला, जणू तिथं खाच नव्हतीच. मोठ्या ठोकळ्यांचा निम्म्याहून जास्त गळून पडला. मधल्याचा थोडा गेला, थोडा राहिला. मामा उकिडवे बसून ते बघत होते.

"गाडी लागती कधी, बेटी? पावसाळ्यात का उन्हाळ्यात?" चाचांनी विचारलं.

"कळा कधी सुरू होतील ते सांगता येत नाही," मी म्हणाले.

माझ्या तोंडून ते सरळ निघून गेलं. आज वार कोणता, ते सांगावं तसं. चाचांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मी मधल्या टायरवर हात ठेवला आणि म्हटलं, "हे द्या."

जॅक लावून जुने टायर काढले तेव्हा चाचांनी मागच्या टायरवरून तळवा फिरवला. "भाई, ह्याच्यावर तर नक्षीच उरली न्हाय. तुमच्यासारख्या ड्रायव्हरनं ह्यावर गाडी चालवली?"

"चालवली," मामा म्हणाले. मग ते माझ्याकडं वळले. आमच्याकडं सासरा सुनेच्या डोळ्यांत बघून बोलत नाही. ते बघून बोलले. "हे गोटा झालेत, मला ठावं व्हतं. जेठातच कळलं व्हतं. म्हणलं, दसऱ्याला बदलू, एवढा पावसाळा निघंल. म्या जलमभर टायर बघितले, पोरी. मला ठावं व्हतं."

मला राग यायला हवा होता. मी तो माझ्यात शोधलाही. गर्दीत आपलं माणूस शोधावं तसा, इकडंतिकडं. सापडला नाही. माया पण सापडली नाही. मी म्हणाले, "व्हय." आणि स्टुलावर जाऊन बसले. चाचांनी चहा मागवला. मामांनी तो बशीत ओतला आणि थंड होईपर्यंत धरून ठेवला.

पुढचे दोन पावसाळे कोरडे गेले. मृगात चार थेंब, मग वारा. काळ्या रानाला हाताएवढ्या भेगा पडल्या. ऊस वाळला, हंगाम लवकर आटोपला, हे दुपारीच घरी यायला लागले. आमच्या वाटेवर रोजगार हमीचं काम निघालं आणि गावातल्याच बायामाणसांनी तिच्यावर खडी, मुरूम पसरला. मी निवडलेले टायर चिखलात कसे चालतात हे कुणालाच कळलं नाही. ते उन्हात तापायचे, खडीवर घासायचे, त्यांच्यातून बाभळीचे काटे निघायचे. मामा दर चार दिवसांनी खाली बसून खाचांत नख घालून बघायचे. गावातली माणसं पुन्हा मोटार न्यायला लागली. तिच्यामुळं दोन पोरं दवाखान्यात वेळेवर पोचून जन्माला आली, एक म्हातारी बरी होऊन परत आली.

त्यातल्या दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडावर, वैशाखात, माझे दिवस भरले. सासूबाईंनी माहेरी धाडलं नाही, मीही म्हणाले नाही. सकाळी नऊच्या सुमाराला निघालो. हे ह्या खेपेला माझ्याजवळ मागं बसले. वाटेत काही झालं नाही. पाऊण तासात दवाखान्याच्या दारात होतो.

मुलगा झाला. तो रडला तेव्हा मला वाटलं, शेजारच्या कॉटवरचं बाळ रडतंय. नर्सबाई नवीन होत्या. कागद घेऊन त्या दारात उभ्या राहिल्या आणि बाहेर बाकावर बसलेल्या मामांना आणि सासूबाईंना त्यांनी विचारलं, "पहिलंच ना?"

"व्हय," सासूबाई पटकन म्हणाल्या.

"न्हाय," मामा म्हणाले. "दुसरं. पहिली मुलगी व्हती."

त्या दोन वर्षांत आमच्या घरात तिच्याबद्दल कुणी एक शब्द काढला नव्हता. मीही नाही. नर्सबाईंनी विचारलं, मुलगी कुठं असते. मामांनी सांगितलं. चिखल, पोती, बैल, दोन तास, सगळं सांगितलं, आणि टायर गोटा झाले होते, आपल्याला ठाऊक होतं, हेही सांगितलं. नर्सबाईंनी ऐकून घेतलं आणि कागदावर लिहिलं. मी भिंतीकडं तोंड करून पडले होते. चुन्याचा एक पापुद्रा सुटलेला होता, तो मी नखानं काढत होते.

थोड्या वेळानं सासूबाई आत आल्या आणि त्यांनी मुलाला माझ्या दंडावर ठेवलं. तो चांगला जड होता. त्याच्या वजनानं माझ्या हाताला मुंग्या आल्या, तरी मी हात काढून घेतला नाही.