आधी अंघोळ घाला

"हिला आधी ओढ्यावर नेऊन अंघोळ घाला. मग आणा."

डॉक्टर ओट्यावरून बोलला. खाली उतरला नाही. आईला घातलेली झोळी अंगणात चिंचेखाली ठेवलेली. बा आणि चुलता ती खांद्यावर घेऊन पहाटेपासून मुळशीचा डोंगर उतरले होते. सहा दिवसांचा ताप. छातीत घरघर. मी अकरा-बारा वर्षांची, मागून पळत आलेली.

आम्ही मेंढरं राखणारे. अंगाला मेंढरांचा वास येतो, खरं आहे. डॉक्टरनं नाकाला रुमाल लावला होता. ओट्यावर एका बागायतदाराचा जावई बसला होता. त्याला नुसता खोकला. त्याची नाडी हातात धरून डॉक्टर हसत बोलत होता. फी म्हणून बानं कोकरू आणलं होतं. ते त्यानं मागच्या दारी बांधायला लावलं. कोकराचा वास त्याला आला नाही.

ओढ्यावर मी म्हणाले, "बा, आयला थंडी वाजतीया. नगं."

"डाक्टर हाय त्यो. विलाज आसंल. तुला काय कळतंय?"

तिथंच आमचं चुकलं. डॉक्टरच्या तोंडून निघालं म्हणजे ते औषधच, असं आम्ही धरून चाललो. बानं आईला धरलं. पाणी मी ओतलं. माघाचं पाणी. तिनं एकदा माझं मनगट पकडलं. "पुरं गं," म्हणाली. मी तरी ओतत राहिले. नीट धुतली नाही तर तो पुन्हा माघारी लावील, ही धास्ती.

ओल्या लुगड्यात तिला परत आणली, तर दार बंद. डॉक्टर जेवायला बसला होता. दार उघडलं तेव्हा आई गेली होती. मागच्या दारी कोकरू ओरडत होतं.

पुढं कितीतरी वर्षं मला त्याच्यापेक्षा माझ्याच हातांची चीड येत राहिली. भांडं उचललं की मनगटावर तिची बोटं.

गेल्या वर्षी चावडीवर सभा झाली. गावाला सरकारी दवाखाना मागायचा का, यावर. सगळ्यांना, फुकट. तोच डॉक्टर खुर्चीवर. केस पांढरे झालेले.

म्हणाला, "फुकट औषधाची लोकांना किंमत नसते. आणि माझ्या दारातून मी कधी कुणाला परत पाठवलंय का?"

लोक माना डोलवत होते. बा खाली बघत होता. मी उठले. बायांनी पदर ओढला.

"माझ्या आयला पाठवलंत तुमी," मी म्हणाले. "वड्यावर. कोकरू ठिवून घेतलं आन् तापातल्या बाईला धुवाय लावलं."

मागून कोणीतरी म्हणालं, "जुनं कशाला उगाळतीस?"

डॉक्टरनं शेजारच्याला विचारलं, "कोण ही?"

त्याला आठवतसुद्धा नव्हतं. माझी आई मेली, पण त्याच्या लेखी कुणी मेलंच नव्हतं. त्या क्षणी माझ्या हातांवरची चीड उतरली. ती जिथं जायला हवी तिथं गेली.

दवाखान्याच्या अर्जावर पहिला अंगठा माझा. दवाखाना आलेला नाही. येईल असंही कोणी सांगत नाही. डोंगरावरच्या आमच्या वाडीत या हिवाळ्यात आणखी दोघं गेली. दर बाजारच्या दिवशी मी तालुक्याला कचेरीत जाते. मेंढरांतून उठून थेट. कारकून खुर्ची मागं सरकवतो. मी पुढं सरकते.

दवाखाना उघडेल त्या दिवशी वाडीतलं आजारी माणूस मी स्वतः घेऊन येणार. असेल तसं. धुऊन आणणार नाही.