अनुभवाचा दाखला

सुमनकाकू कुठलीही वस्तू कडेला धरून उचलते. स्ट्रॉबेरी तोडून तोडून हाताला ती सवयच लागली आहे. फळाला बोट लावायचं नाही, देठ नखानं खुडायचा. माझं बी.ए.चं प्रमाणपत्र आलं, आमच्या घरातलं पहिलंच, तेव्हा तिनं ते असंच दोन बोटांत धरून उजेडाकडे नेलं. बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "आता आमी सांगायचं आन् तू लिवायचं."

पाचगणीच्या खाली, बुद्धविहाराच्या मागे आमची वस्ती. तिचं घर आमच्या घराला लागून. चौदा वर्षं ती गावातले बागायतदार आण्णा यांच्या मळ्यात तोडणीला जाते. बारा बायकांची टोळी तिच्या हाताखाली. पण पावसाळ्यात आमच्याकडची कामं थांबतात. मग ती कडेगावकडे उसाच्या भांगलणीला, तण काढायला जायची, चार महिने पालात राहायची. उसाच्या पात्यांनी कापलेली बोटं दाखवून म्हणायची, "ह्या हाताचं हे काम न्हाई गं." इंग्लंडातल्या मळ्यांवर सहा महिन्यांच्या व्हिसावर तोडणीला माणसं घेतात, हे कळलं त्याच संध्याकाळी ती माझ्या दारात हजर. आपली स्ट्रॉबेरी संपते तेव्हा तिकडची सुरू होते, हे तिनंच मला समजावलं.

अर्ज भरताना मी विचारलं, तुझ्यावर कोण कोण अवलंबून आहे? तिनं सासू सांगितली, दोन पोरं सांगितली. मग म्हणाली, "आण्णास्नी बी घाल. मी तोडणीला न्हाई गेले तर त्येंचा माल रानातच कुजतोय."

राहिला अनुभवाचा दाखला. आण्णांनी मागितल्याबरोबर दिला. 'सुमन आम्हाला घरच्यासारखी आहे. तिला आम्ही कधीच मजूर मानले नाही.' वाचून मलाच भरून आलं. त्याचं झकास इंग्रजी करून मी पाठवून दिलं. माणसं निवडणाऱ्या कंपनीचं उत्तर आलं, की घरच्या शेतात केलेली मदत नोकरीचा अनुभव म्हणून धरता येत नाही. आठ दिवसांत मालकाचा दाखला द्या, नाहीतर अर्ज बाद.

मी म्हटलं, दाखला मीच टाइप करते, सहीही मीच ठोकते, तिकडं कोण ओळखतंय. काकू म्हणाली, "खोटं कशापायी? चौदा वर्सं खरी हायती की. ज्यानं राबवलं त्यानंच लिवावं."

आम्ही दोघी आण्णांच्या घरी गेलो, तेव्हा ते झोपाळ्यावर बसले होते. काकू नेहमीसारखी पायरीवर बसली. मी उभीच. कंपनीचं उत्तर ऐकून आण्णांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी ते मायेनंच लिहिलं होतं, हे मी आजही म्हणेन. "अगं, तुला मजूर कसं लिहू? बरं दिसतं का ते?"

काकूचा आवाज चढला नाही. "आवं आण्णा, घरची आसते तर आत बसून बोलले आसते. मी पायरीवर हाय. पायरीवरनं दिसतंय तेवढंच लिवा."

झोपाळा थांबला. आण्णांनी आतून कागद मागवला, चष्मा लावला, दोन शब्द लिहिले आणि मान वर केली.

"सुमन, तुझं आडनाव काय गं?"

चौदा वर्षांत त्यांना ते कधी लागलं नव्हतं. मला राग आला. तिला आला की नाही, कळलं नाही. तिनं स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव सावकाश सांगितलं, लिहून होईपर्यंत थांबली आणि म्हणाली, "टोळी सांभाळते, त्ये बी घाला. ऱ्हायलं तर पुन्यांदा यावं लागंल."

व्हिसा आला. मे महिन्यात ती गेली, ऑक्टोबरात परतली आणि तिसऱ्याच दिवशी आण्णांच्या मळ्यात रोपं लावायला उभी राहिली. दुपारी आण्णा स्वतः बांधावर आले आणि आज चहा आत बसून घे म्हणाले, असं टोळीतल्या बायकांनी मला सांगितलं. काकूनं आधी हातातलं रोप लावून घेतलं.

"आता हजेरी चालू हाय, आण्णा. सांजच्याला येते, कापडं बदलून."

संध्याकाळी ती गेली, ते मात्र मी डोळ्यांनी पाहिलं. पुढच्या दारानं गेली.