फाटकापाशी उचललेलं गाणं

शिरूरहून रांजणगावच्या कंपनीत जाणाऱ्या आम्हा दहाबारा जणांचा आणि आमची गाडी चालवणाऱ्या शकूरमामांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यावर मामांचा निरोप वर्षानुवर्षं एकच... ‘निघालो’. पाऊस असो, बंद असो, मामांच्या अंगात ताप असो, ‘निघालो’. त्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते आणि मोबाइल वाजला. नंबर मामांचाच, पण लिहिलं होतं त्यांच्या मुलानं, अन्वरनं. ‘आज गाडी येणार नाही. अब्बा पहाटे गेले.’ डब्याचं झाकण हातात धरून मी तशीच उभी राहिले. आणि खरं सांगते, रडूबिडू नंतर आलं. आधी मनात आलं ते हे, की मामींनी त्यांना उत्तर द्यायचं राहूनच गेलं की!

हे उत्तराचं प्रकरण नीट सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे नवी मशिनं बसवायला तैवानहून कोलास नावाचे एक इंजिनिअर आले होते. तैवानच्या पूर्व किनाऱ्यावर आमिस नावाचे आदिवासी राहतात, त्यांच्यातले. कंपनीनं साहेबांना एसी कार दिली होती, पण ती पहिल्याच आठवड्यात रुसून बसली आणि साहेब आमच्या गाडीत मामांशेजारी येऊन बसले. रांजणगावच्या चौकात नेहमीप्रमाणे वाहतूक तुंबली. मामा शिव्या घालायच्या बेतात असतानाच साहेबांनी खिडकीबाहेर बघत मोठ्यानं एक ओळ म्हटली. शब्द नव्हतेच, नुसतं हो-हाय, पण आवाज असा खणखणीत की शेजारच्या ट्रकवाल्यानं मान बाहेर काढली. ओळ झाली आणि साहेब थांबले... थांबूनच राहिले. शेवटी त्यांनी मामांच्या खांद्यावर टिचकी मारली. मामांना वाटलं, काहीतरी विचारतायत. ते तितक्याच मोठ्यानं म्हणाले, “हां साब, ट्रॅफिक हाय, करनार काय?” साहेब खूश! मान डोलावून त्यांनी पुढची ओळ उचलली.

मग मोडक्यातोडक्या हिंदीत उलगडा झाला. त्यांच्याकडे ही गाणी कापणीच्या वेळी, सणाला, दारूच्या बैठकीत म्हणतात, पण एकट्यानं कधीच नाही. एकानं उचलायचं आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. उत्तर तेच असायला हवं असंही नाही. ज्यानं त्यानं आपला सूर आपल्या वाटेनं न्यायचा, मात्र गाणं अधांतरी सोडायचं नाही. मामा म्हणाले, “दारूचं आपल्याला जमायचं न्हाई. आपन चहावर भागवू.”

नव्याचे नऊ दिवस, असं आम्ही धरून चाललो होतो. कसलं काय! मामांनी गाडीतला रेडिओ कायमचा बंद केला. रोज सकाळी साहेब ओळ उचलणार, मामा उत्तर देणार आणि आम्ही मागं बसून खोटं खोटं झोपणार. त्यावर मामांनी कायदाच काढला, जो उत्तर देईल त्याला खिडकी. मी स्टोअर विभागात काम करते, माझा गळा म्हणजे गोदामाचं शटर, पण मे महिन्यात खिडकीसाठी मीही गायले. एका लग्नात तर मामांनी बँडवाल्याचा माइक काढून घेतला. वरपक्षाला वाटलं वधूपक्षाची काही रीत असेल, वधूपक्षाला वाटलं वरपक्षाची, आणि दोन्ही बाजूंनी घाईघाईनं उत्तर दिलं. मामा म्हणाले, असा शिस्तीचा मांडव त्यांनी आजवर पाहिला नाही.

मामींचं नाव जुलेखा, माहेर केडगावचं. त्यांच्या भावानं खुटबावला शेत वाट्यानं घेतलं होतं आणि तिथं झेंडू तोडणीला आला होता. एका रविवारी मामांनी साहेबांना तिकडे नेलं, बरोबर मामी आणि मी. साहेबांनी बांधावर उभं राहून ओळ उचलली. तोडणीच्या बायांचे हात थांबले. त्यांच्यातली म्हातारी तान्हाबाई काळजीनं म्हणाली, “पावन्याचं पोट दुखतंय का वो?” मामांनी समजावलं, “पोट न्हाई मावशी, गानं हाय. उत्तर द्या.” तान्हाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खुडणीच्या वेळी म्हणायची आपली भलरी ठोकून दिली. बाकीच्या बाया तिच्यामागं. साहेबांचे डोळे भरले. त्यांनी मामांचा हात धरला, मामांनी तान्हाबाईचा, आणि सगळे फेर धरून झेंडूतच नाचायला लागले. मामींचा भाऊ लांबून बोंबलत आला, “आरं फुलं तुडवू नका!” साहेबांनी त्यालाही आदरानं मान डोलावली आणि पुढची ओळ घेतली.

एकट्या मामी निंबाखाली भाकरीचं फडकं सोडत बसल्या होत्या. मामा घामाघूम होऊन त्यांच्यापुढं उभे राहिले. “तू बी दे की उत्तर.”

“मी काय शाळंतली पोर हाय?” मामी म्हणाल्या. “जेवा आता, ठेचा गार व्हतोय.”

ठेचा कधी गार होतो का, हे विचारायची छाती मामांना झाली नाही.

काम संपवून साहेब मायदेशी गेले. जाताना मामांना म्हणाले, गाणं उचलत राहा. मामांनी ते मनावर घेतलं. संध्याकाळी मला शेवटी सोडायचं, कारण आमची घरं शेजारीशेजारी. त्यांच्या फाटकाची कडी आतून. पूर्वी मामा हॉर्न वाजवायचे. आता खिडकीची काच खाली करून ओळ उचलायचे आणि थांबायचे... आतून चपला ओढल्याचा आवाज यायचा, पाठोपाठ मामींचं लांबलचक “आले वो आऽऽले, बोंबलू नका!” आणि फाटक उघडायचं. मामा तोंड पाडून माझ्याकडे वळायचे. “बघितलंस? सगळ्या तालुक्यानं दिलं. हिनं आज बी न्हाई.” हे रोज. त्या माणसाला दुसरी कसली हाव नव्हती, ना पैशाची ना मानाची. बायकोनं एकदा गाण्याला उत्तर द्यावं, एवढंच मागणं. मी त्यांच्या वतीनं मामींकडे वकिली करून पाहिली. पालथ्या घड्यावर पाणी.

मामा गेल्याचं साहेबांना कळवणं माझ्याकडे आलं. सोबत काय पाठवावं सुचेना, म्हणून एका संध्याकाळी फाटकापाशी मोबाइलवर सहज टिपलेला मामांचा आवाज पाठवला. दोन दिवस काही आलं नाही. मग एक छोटासा निरोप आला. साहेबांचं हिंदी आमच्या गाडीत शिकलेलं, त्यामुळे व्याकरण मामांचंच. ‘गांव में सब को सुनाया. सब रोया. मामा का गाना अच्छा. जवाब उससे अच्छा. जवाब देनेवाली औरत कौन है?’

मी चक्रावले. कोण औरत? परत ऐकलं. मामांची ओळ वर चढते, शेवटी लांबते, आणि ती विरायच्या आत खालून, घरातून, दुसरा सूर तिला येऊन मिळतो... आले वो आऽऽले. पट्टी तीच, जागा अचूक. इतकी वर्षं गाडीत बसून मी ते रोज ऐकत होते आणि भांडण समजत होते!

मामांच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाची भांडी घासून झाल्यावर मी मामींना ते ऐकवलं. मामी इद्दतीत होत्या, नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस घरातच राहायचं ती रीत. आतल्या खोलीत लसूण सोलत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “परत लाव.” मी परत लावलं.

“मामी, हे उत्तर होतं?”

“मग काय व्हतं? फाटक उघडाया कुनी सुरात वरडतं का?”

“मग मामांना सांगितलं का नाही? बिचारे रोज तोंड पाडून बसायचे!”

“सांगितलं असतं तर दुसऱ्या दिशी माइक घिऊन आले असते.” मामी हसल्या, मीही हसले. मग त्यांनी लसणाचं ताट बाजूला सारलं. “पहिलं कसं व्हतं, ठाव हाय का तुला? तुला सोडायचं आन् गाडी नाक्याला वळवून गप्पा हानत बसायचं. जेवान झाकून मी बसायची वाट बघत. ह्या गान्यापायी सरळ घरी याया लागले. आज उत्तर मिळंल म्हनून... म्हनलं, राहू दे. येत्यात तवर येऊ दे.” एवढं बोलून त्यांनी पदरात तोंड घातलं. मला त्या माउलीचा रागही आला आणि तिचे पाय धरावेसेही वाटले. यातलं मी काहीच केलं नाही, उरलेला लसूण सोलला.

आता गाडी अन्वर चालवतो. ‘निघालो’ तोही लिहितो, पण रेडिओ लावतो. संध्याकाळी फाटकापाशी हॉर्न वाजवतो, आतून कुणी येत नाही, मग स्वतःच उतरून गजातून हात घालून कडी काढतो. मागच्या आठवड्यात मात्र त्यानं हॉर्नवर ठेवलेला हात उचलला. रेडिओ बंद केला. माझ्याकडे बघून ओशाळला, म्हणाला, “ताई, हसू नका.” आणि काच खाली करून त्यानं ओळ उचलली. बापाच्या गळ्यातलं काही म्हणजे काही त्याच्याकडे आलेलं नाही. समोरच्या ओट्यावरचं कुत्रं उठून निघून गेलं. ओळ संपली, तो थांबला. आत सामसूम...

मग चपला ओढल्याचा आवाज आला.

“आले रे आऽऽले, बोंबलू नको!”