तात्यांच्या स्लॅबवरचा पाट

तात्यांना कधीही भेटा, ते आधी वर बघणार. "या, बसा" नंतर. टोपी मागं सरकवायची, एक डोळा बारीक करायचा, आभाळाचा अंदाज घ्यायचा आणि मग तुमच्याकडं वळायचं. सध्या ते थोरल्या मुलाकडं कॅनडाला गेलेत, म्हणून मी हे मोकळेपणानं लिहितोय. इथं असते तर शेजारी बसून त्यांनी माझं प्रत्येक वाक्य दुरुस्त केलं असतं, आणि त्यातल्या निम्म्या दुरुस्त्या चुकीच्या निघाल्या असत्या.

माझं बारामतीजवळ जळोचीला डिश आणि कॅमेरे बसवून द्यायचं दुकान. तात्यांची पेरूची बाग लोणी देवकरच्या पुढं, आतल्या अंगाला, अशा खोलगटीत की मोबाईलला रेंज हवी तर टेकाडावर चढायचं. एका कंपनीनं उपग्रहावरून इंटरनेट द्यायची चाचणी काढली, यंत्रं बसवायचं काम माझ्याकडं आलं, आणि मी पहिलं नाव तात्यांचं सुचवलं. त्यात माझा स्वार्थ होता. त्यांच्या बागेतले पेरू तुम्ही खाल्ले नाहीत, म्हणून तुम्हाला ते कळायचं नाही.

खोकं उघडलं आणि तात्या हिरमुसले. त्यांना मोठ्या छत्रीची अपेक्षा होती. निघाला एक पांढरा, चपटा चौकोन.

"आवं, हा तर जेवायला बसायचा पाट हाय. छत्री कुठाय?"

मी समजावलं. टीव्हीचा उपग्रह आपल्याला एकाच जागी दिसतो, म्हणून छत्रीचं तोंड एकदा तिकडं केलं की भागतं. हे उपग्रह खूप खालून जातात, आणि पळत असतात. एक डोक्यावरून गेला की पाटानं लगेच दुसऱ्याला धरायचं. त्यासाठी त्याला हलावं लागत नाही, आतल्या आतच नजर फिरवतो. फक्त वरचं आभाळ मोकळं लागतं, म्हणून घराच्या स्लॅबवर बसवायचा.

"म्हंजी आमच्या आईवानी," तात्या म्हणाले. "मान हलवायची न्हाय, पन समद्या सुनांवर नजर."

इतकी चांगली व्याख्या कंपनीच्या साहेबांनाही जमली नव्हती.

कोणता उपग्रह कुठून कुठं चाललाय हे दाखवणारं ॲप मी त्यांच्या फोनवर टाकून दिलं आणि पस्तावलो. तात्या उपग्रहाला गाडी म्हणत. मी बारामतीच्या बाजारात भाजीची पिशवी सांभाळत उभा असायचो आणि फोन यायचा, "आत्ता एक गाडी तुमच्या टकुऱ्यावरनं गेली. दिसली का?" भर दुपारी! इंटरनेट जरा अडकलं की ते फोन छातीशी धरून शांतपणे म्हणत, "थांबा, फुडची येतीया." एकदा तर ट्रॅक्टरच सुरू होईना, तेव्हाही म्हणाले.

नवीन सोडलेले उपग्रह सूर्य मावळल्यावर ओळीनं जाताना दिसतात, हे कळल्यावर त्यांनी सगळी वस्ती अंगणात गोळा केली. सतरंज्या आल्या, चहा झाला, लेकरं माना वर करून बसली. आणि पश्चिमेकडून ढग आले. दाट, काळे, हलायचं नाव नाही. लोक हसत हसत सतरंज्या गुंडाळायला लागले. तात्या ढगांकडं बोट करून म्हणाले, "त्येच्या मागनं चाललीया बघा. आत्ता. गेली." पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला विचाराल तर मीही वाजवल्या.

मग कॅनडातल्या मुलाला मुलगी झाली. लग्नानंतर फार वाट बघायला लावून झालेली पोर. बारसं आपल्या दसऱ्याच्या सकाळी, तिकडं तेव्हा आदली संध्याकाळ. नाव आत्यानं ठेवायचं, आणि आत्या एकच. तात्यांची लेक, आमची ताई, इंदापूरला दिलेली. तिला तिकडं जाणं जमणार नव्हतं. म्हणून ठरलं की ती मळ्यातून फोनवर बोलेल, तिकडं सून बाळाच्या कानाशी फोन धरेल. नाव बहीणभावांनी गुपचूप ठरवलेलं. तात्यांनी पेरूच्या पाटीची लाच देऊन बघितली, ताई बधली नाही. पण तिला एक भीती होती. सुनेची एक मैत्रीण तिकडं पाळण्याजवळच उभी राहणार होती. फोन लागला नाही तर तीच आत्या होऊन नाव ठेवणार होती.

"दादा, येवढं बघा," ताई मला म्हणाली. "माझ्या भावाच्या लेकीचं नाव परक्या बाईनं ठेवायचं, तर मी आत्या कशाला झाले?"

मी सकाळी लवकर जाऊन सगळं तपासलं. चित्र झकास येत होतं. मी निर्धास्त होऊन पोहे खाल्ले, आणि नेमकं तेव्हाच तात्या घंटी वाजवत कुठंतरी गेले. माझं लक्ष नव्हतं.

फोन लागला. पाळणा दिसला. ताई पदर सावरून पुढं वाकली, तोंड उघडलं, आणि तिकडची माणसं होती तशी थिजली. चित्र परत आलं, परत गेलं.

"थांबा, फुडची येतीया," तात्या म्हणाले. ॲपमध्ये तर गाड्यांची रांग होती. "मग कंपनीचं शिग्नल घेनारं जमिनीवरचं टेसन झोपलं आसंल."

मी वायरी हलवल्या, राऊटर बंद करून चालू केला. चित्र क्षणभर उघडलं तेव्हा ती मैत्रीण पाळण्यावर वाकत होती. ताईचे डोळे भरले.

मी शिडीवरून स्लॅबवर धावलो. मागून तात्या. वर बघतो तर काय! पाटाला झेंडूचा मनगटाएवढा जाड हार. हळदीकुंकवाची बोटं. आणि बरोबर मधोमध, तांदळावर, नारळ ठेवलेला तांब्याचा कलश.

"तात्या, हे काय?"

"आवं, दसरा हाय. टॅक्टरला हार, मोटारीला हार, फवारणीच्या पंपाला हार. आन् वरीसभर आभाळाकडं बघत बसलाय त्येला काय न्हाय व्हय?"

"तुम्ही त्याच्या डोळ्यावर तांब्या ठेवलाय, तात्या!"

तात्यांचा चेहरा उतरला. मी हात घालणार तोच त्यांनी मला मागं सारलं, कलशाला नमस्कार केला आणि दोन्ही हातांनी उचलून पोटाशी धरला. मी हार ओढला, तांदूळ झाडले.

"तो ठेवा बाजूला, चला खाली."

"मांडलेला कलश भुईवर ठिवू व्हय? आन् हातात घिऊन शिडी उतरू कशी? ऱ्हाऊ द्या. मी हितंच थांबतो."

नातीच्या बारशाला आजोबा स्लॅबवर, पोटाशी कलश धरून! मला हसू येत होतं आणि राग पण येत होता. खालून ताईचा आवाज आला, "लागला! लागला!" मग कुर्रर्र ऐकू आलं. मग बायकांचा गलका, ताईच्या पाठीत पडलेले धपाटे, आणि कुणीतरी ओरडून आम्हाला सांगितलं, "सगुणा! सगुणा ठिवलं!"

सगुणा म्हणजे आमच्या काकू, तात्यांच्या मंडळी. त्यांना जाऊन काही वर्षं झालीत. इतक्या वर्षांच्या संसारात तात्यांनी त्यांना नावानं कधी हाक मारली नाही. आपल्याकडं त्या पिढीत कोण मारतं? "अगं" म्हणायचे, नाहीतर नुसतं खाकरायचे. काकूंना ते पुरायचं.

तात्या माझ्याकडं बघायला लागले. मग ते कठड्याशी गेले आणि कलश सांभाळत खाली वाकले.

"सगुणा," ते पुटपुटले. मान वळवून त्यांनी मागं बघितलं, कुणी हसतंय का ते. मग बागेतली पाखरं उठतील अशा आवाजात, "सगुणाऽऽ! ए सगुणाऽऽ!"

ताईनं फोन अंगणात आणून वर धरला. त्यातून एक बारीक, चिडकं रडू आलं.

"ओ दिली," तात्या म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. "ऐकलं न्हवं तुमी? ओ दिली तिनं."