तसबिरींमधली काच

लेकीच्या बाळंतपणासाठी मी परदेशी, सायलेशियातल्या या कोळशाच्या शहरात आले आहे. काल ती मला इथल्या वाचनालयात घेऊन गेली. जिन्याजवळच्या भिंतीवर या शहरात जन्मलेल्या नामवंतांच्या तसबिरी आहेत. कोणी शास्त्रज्ञ, कोणी फुटबॉलपटू, कोणी वादक. त्यांच्यामधून एक बारीक तडा वर गेलाय आणि तड्यावर आडवी काचेची पट्टी बसवली आहे.

"खाली खाण आहे ना, जमीन हलते," लेक म्हणाली. "भिंत सरकली तर आधी ही काच तुटते. म्हणजे कळतं." मग रिकाम्या जागेकडे बोट दाखवून हसली, "आई, इथे आपल्या बाळाचा फोटो लागेल बघ."

तेवढ्यात पायाखालून घरघर आली. तसबिरी थरथरल्या. लेकीचे दोन्ही हात पोटावर गेले, माझे तिच्या हातांवर. वाचनालयाच्या बाईंनी मात्र आधी काचेकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि त्यांच्या भाषेत काहीतरी बोलल्या.

"आज नाही तुटली, म्हणतायत," लेकीने सांगितलं.

या सगळ्यांच्या आयांनीही पोट असंच धरलं असेल. बहुतेक जण पुढे दूर कुठेतरी वारले, असं तसबिरींखाली लिहिलंय. त्यांना जावंसं वाटलं की जावं लागलं, ते लिहिलेलं नाही.

आज सकाळी भाजी आणते म्हणून निघाले, ती थेट वाचनालयात गेले. तसबिरींकडे पाहिलंच नाही, फक्त काचेकडे.

घरी आले. माझ्या हातातली रिकामी पिशवी लेकीने पाहिली, पण भाजीचं काही विचारलं नाही.

"शाबूत आहे ना गं?" एवढंच म्हणाली.