प्रल्हादकाकांचा माथ्यावरचा नारळ

प्रल्हादकाका माणदेशातले. तीस वर्षं अमेरिकेत, सांता क्लाराला इंजिनिअरकी केली, पण नवस बोलायची खोड गेली नाही. दोन हजार पाच साली गुडघा बदलला, तेव्हा गुंगीतच बोलून गेले, की चालता आलं तर इथल्या लई उंच डोंगराच्या माथ्यावर नारळ फोडीन. रेखाकाकू म्हणाल्या, घराजवळची टेकडी कबूल करायची होती. पण बोललं ते बोललं. नवस राहिला तर गुडघा परत धरणार, ही काकांची खात्री.

वर्षभरानं दोघं दिवसभर गाडी हाकून डोंगराखाली पोचली. चार घरं, एक कुत्रं आणि वर भर उन्हाळ्यातही बर्फ. डोंगराचं नाव तिथल्या मूळच्या लोकांनीच घ्यायचं असतं, म्हणून इथंही लिहीत नाही. वाटेच्या तोंडाला, आपल्या दारात, त्यांच्यातली लुसिल नावाची म्हातारी खुर्ची टाकून बसलेली. तिनं सांगितलं, शेवटच्या झाडापर्यंत जा. त्यापुढं आमचे पूर्वज राहतात, आम्हीही पाय ठेवत नाही.

काकांनी नारळ दाखवला, गुडघ्याचा व्रण दाखवला. म्हातारीनं पँट वर सारून आपला दाखवला. तो काकांच्यापेक्षा लांब निघाला. शेवटी काका काकुळतीला आले. "फक्त पाच मिनिटं, बाई. वर जातो नि आलोच."

बोलले आणि त्यांचं त्यांनाच आठवलं. मागं सुट्टीत गावी असताना जोगूबाई देवीच्या डोंगरावर, जिथं अनवाणीच जायचं, पुण्याची पोरं बूट घालून चढली होती, तीही हेच म्हणत होती. तेव्हा काकांनीच त्यांचे बूट दरीत भिरकावले होते आणि पोरं काट्यातनं नाचत उतरली होती.

काकांनी मुकाट आपले बूट काढले. म्हातारीला विचारून, डोंगराकडं तोंड करून, तिच्या पायरीवर नारळ फोडला. पाणी कुत्र्याच्या अंगावर उडालं. म्हातारी खोबरं चघळत म्हणाली, बरंय, पण दात मागतंय. नवस फिटला का, असं काकूंनी विचारलं, तर काका म्हणाले, घरी जाईपर्यंत गुडघा सांगेल.

एवढ्यात आणखी एक गाडी थांबली. काकांनी महाराष्ट्र मंडळात ह्या डोंगराचा डंका पिटला होता, तो ऐकून त्यांच्या शेजारचा गिरीश कॅमेरा घेऊन आलेला. म्हातारीनं त्यालाही तेच सांगितलं.

"काका, तुम्ही सांगा ना यांना. टॉपवर फोटो काढतो, फाइव्ह मिनिट्स."

काका खोबरं गालात सारून उठले. "बूट काढ, लेका."

पूजा असेल म्हणून गिरीशनं काढले. काकांनी ते उचलून इकडंतिकडं पाहिलं. दरी काही जवळ दिसेना. तेव्हा म्हातारीनं खुर्चीतनंच बुटांकडं बोट करून कुत्र्याला शीळ घातली.