धरलेलं मनगट

पडद्याआड इस्त्री करता करता काजवालीच्या कानावर नणंदेचं आणि शिंपी नवऱ्याचं भांडण पडलं.

"अरे, तिला घरी बसव! हात बघ कसा लटपटतो. गिऱ्हाईक शर्ट शिवायला येतं, तमाशा बघायला नाही."

"ताई, काजं तीच करणार. मी मनगट धरतो तिचं."

"धर! आणि कात्री कोण धरणार, मी?"

ताई तणतणत गेल्या. इकडे कापड करपल्याचा वास सुटला, तेव्हा कुठे काजवाली भानावर आली.

लग्न होऊन आली तेव्हापासून दुकानातल्या बटणांची सगळी काजं तिच्या हातची. मशीनचं काज नको म्हणणारे लांबून येत. पण चाळिशी उलटली आणि हाताने दगा दिला. कप बशीत नाचायला लागला. गोळ्यांनी पोट भरलं, हात काही ऐकेना. मग शिंपी खरंच तिचं मनगट टेबलावर दाबून धरी आणि ती टाके घाली. वर्षानुवर्षं. त्याचं स्वतःचं काम आपलं रखडलेलंच.

शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी उपाय काढला. पाठीच्या कण्याशी बारीक तार घालायची, तिच्यातून हलकी वीज सोडायची. "सगळ्यांना गुण येतोच असं नाही हं. आधी तात्पुरती घालू. हात थांबला तर कायमची, नाहीतर काढून टाकू."

तार घातल्यावर बाईंनी सुई-दोरा पुढे केला. काजवालीने सुई उचलली मात्र, शिंप्याने झडप घालून मनगट पकडलं. दोरा ओवला गेला. शिंपी खूश!

"अहो काका, तुम्हीच धरलंत तर मला कळणार काय, कप्पाळ?"

"धरलंय? मी?" त्याला पत्ताच नाही.

"सोडा हो," काजवाली पुटपुटली.

त्याने एकेक बोट उचललं. झोपेतलं मूल कूस बदलतं तसा हात जरासा हलला आणि निवांत झाला. दोरा आरपार.

"आता माझे हात कुठे ठेवू?" शिंप्याने विचारलं.

"खिशात! नाहीतर कात्रीवर. कामं पडलीत ढीगभर."

कायमची तार बसली, कमरेशी कातडीखाली बॅटरी बसली, आणि काजवाली म्हातारी होईतो काजं करत राहिली. नणंदेने कौतुक केलं नाही. कोट मात्र दरवर्षी शिवायला टाकला.

ज्या रात्री काजवाली झोपेतच गेली, त्या दिवशी संध्याकाळीसुद्धा ती नणंदेचा कोट पोचवायला गेली होती. वन्सं काठी टेकत दाराशी आल्या, एकेक काज उजेडात धरून पाहिलं.

"हं. बरी आहेत."

काजवालीने चहा घेतला, कप बशीत ठेवला. आवाज झाला नाही.

"येते वन्सं," म्हणाली आणि रिकामी पिशवी घडी करत घरी निघाली.